गोल छत्री अडगळीत गेली म्हणे!

नागपूरच्या वायुसेनानगरकडे हवाई कसरती झाल्या, हवाई दलाच्या 'आकाशगंगा' पथकाचे जवान तिरंगी छत्र्यांखाली गिरक्या घेत उतरले, की पुढचे आठ दिवस माझ्या फोनवर एक मेसेज हमखास फिरतो. या खेपेला तो भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरं आहे काय? तुम्ही तर हेच काम केलं ना?"

मेसेज थोडक्यात असा: 'गोल पॅराशूट आता फक्त संग्रहालयात. जगातला कुठलाही रिगर आज गोल छत्रीची घडी घालत नाही. ती दगडासारखी आदळायची, वळवता यायची नाही, धोकादायक म्हणून बंद केली. आधुनिक म्हणजे चौकोनी. आणि गोल छत्रीला कौशल्य कसलं, गोधडीसारखी कोंबली तरी उघडायची!'

उमेदीची वर्षं मी हवाई दलाच्या सेफ्टी इक्विपमेंट सेक्शनमध्ये घालवली. पॅराशूट तपासणं, दुरुस्त करणं, घडी घालणं, सही करणं हेच काम. हे करणारा तो रिगर. त्यामुळे उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे असं समजतो. (जुने फोटो मागू नका, ते मिळणार नाहीत.)

'कुठलाही रिगर आता गोल छत्री घडी घालत नाही.' कुठल्या टेबलाशी उभे राहून विचारता, त्यावर आहे. हौशी स्कायडायव्हिंगच्या क्लबात विचाराल तर मेसेज जवळजवळ बरोबर. तिथे मुख्य छत्री चौकोनी, राखीवही चौकोनी, दोघांनी एकाच छत्रीखाली मारायच्या टँडेम उडीतही तेच. अशा ठिकाणचा तरुण रिगर वर्षभरात एकही गोल छत्री न बघता जगू शकतो. पण क्लब म्हणजे सगळं जग नव्हे.

आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलला जा. छातीवर पॅराट्रूपरचं पंखांचं चिन्ह मिळवायला पाच उड्या लागतात, त्यातली एक रात्रीची. त्या स्टॅटिक लाईनच्या उड्या. विमानाच्या दारातून बाहेर पडलं की विमानाला अडकवलेला पट्टाच छत्री ओढून उघडतो. ही छत्री गोल कुळातली, आणि छातीवरची राखीवही गोलच. समजा एका तुकडीत शंभर जण आहेत. पाच उड्यांच्या पाचशे घड्या झाल्या, कारण जमिनीवर आलेली प्रत्येक छत्री झटकून, वाळवून, तपासून पुन्हा घडीत जाते. आपल्या नागपूरची एनसीसीची पोरंपोरी आग्र्याच्या पॅरा कॅम्पला निवडली गेली, तर तीही याच जातीच्या छत्रीखाली उतरतात. पोरीचा त्या छत्रीखालचा फोटो स्टेटसला लावणाऱ्या बापानेच हा मेसेज पुढे ढकलल्याचं मी पाहिलं आहे. काय बोलावं!

पुढे लढाऊ विमानं. आणीबाणीत वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारं आसन असतं. सुखोई-३० च्या रशियन आसनात किंवा तेजसच्या मार्टिन-बेकर आसनात वैमानिकाच्या डोक्यामागे दडलेली छत्री चौकोनी नाही. काही गोल, काही 'एरोकोनिकल', म्हणजे गोलाचीच निमुळती बहीण. ग्लायडर आणि कसरतीच्या विमानांचे वैमानिक पाठीला जी आणीबाणीची छत्री बांधतात, तीही बहुतेक वेळा गोल. अमेरिकेत नायलॉनच्या अशा छत्रीची दर १८० दिवसांनी नव्याने घडी घालणं कायद्याने बंधनकारक आहे. पूर्वी ही मुदत १२० दिवस होती, २००८ च्या अखेरीस वाढवली. म्हणजे एकदाही उघडली नाही तरी ती वर्षातून दोनदा रिगरच्या टेबलावर येणारच. तिकडचा रिगरचा परवाना बघा: आसनाची, पाठीची, छातीची, मांडीवरची असे प्रकार करून प्रत्येक प्रकाराच्या किमान २० घड्या मागतात. गोल की चौकोनी, हा प्रश्नच त्या यादीत नाही.

आणि एवढं लांब कशाला? कामशेतला पॅराग्लायडिंग करणाऱ्या कुणालाही आपली राखीव छत्री दाखवायला सांगा. वरचं पंख चौकोनी असेल, पण राखीव पुष्कळदा गोल, मधला शेंडा आत ओढून घेतलेली. तीही सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा घडीत घालावी लागते.

'दगडासारखी आदळते, वळवता येत नाही.' आदळते हे अर्धं खरं. अमेरिकी सैन्याची जुनी टी-१० छत्री पूर्ण सामानासह जवानाला सेकंदाला साधारण ७ मीटर वेगाने खाली आणायची. हिशेब केला तर अडीच मीटर उंच भिंतीवरून उडी मारल्यासारखं. घोटे सांभाळायचे, अंग कलतं करून लोळायचं, हे उडीआधी पुन्हा पुन्हा शिकवतात ते त्यासाठीच. पायावर उभं राहून टेचात उतरणं हा चौकोनीचा मान, तो तिला देऊन टाकला.

वळत नाही, याला मात्र मी दोष म्हणणार नाही. चौकोनी छत्री खरं तर छत्री नव्हेच, कापडाचं पंख आहे. हवा भरली की ती पुढे सरकते, आणि तिला चालवणारा शुद्धीवर लागतो. आता चित्र डोळ्यासमोर आणा. विमानाच्या दोन्ही दारांतून एकामागोमाग एक जवान बाहेर पडताहेत, उंची हजार-बाराशे फूट, पाठीपोटाला ओझं, कदाचित अंधार. प्रत्येकाच्या डोक्यावर पुढे पळणारं पंख असतं तर आकाशात टकरी झाल्या असत्या. गोल छत्री सगळ्यांना सारख्याच रीतीने वाऱ्याबरोबर वाहत खाली आणते. ११ डिसेंबर १९७१ ला, आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलजवळ २ पॅरा बटालियन उतरली, तीही अशा न पळणाऱ्या छत्र्यांखाली. विमानातून फेकला गेलेला वैमानिक तर कधी बेशुद्ध असतो, कधी त्याचा हात मोडलेला असतो. त्याला 'डावी दोरी ओढ' कोण सांगणार?

अमेरिकी सैन्याने टी-१० बदलली हे खरं, पण जागी आणलेली टी-११ फुलीच्या आकाराची आहे. उतरण्याचा वेग कमी झाला, तरी पुढे पळणारं पंख त्यांनीही सर्वसाधारण जवानाच्या पाठीवर दिलं नाही.

'धोकादायक म्हणून बंद केली.' या अफवेचं मूळ बहुधा १९८० च्या दशकात आहे. तेव्हा खेळातल्या काही गोल राखीव छत्र्यांमध्ये एक गंमत निघाली (गंमत कसली, झोप उडवणारी गोष्ट). त्यांच्या जाळीच्या पट्टीत आम्ल उतरत होतं आणि तिला टेकून घडीत पडलेलं नायलॉन आतल्या आत कुजत होतं. रिगर ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या रसायनाचा थेंब टाकून बघायचे. पिवळा पडला की आम्ल आहे. मग कापडाला ठरावीक ताण देऊन ते फाटतं का, ते पाहायचे. दोष त्या जाळीचा होता, गोलाईचा नव्हता. पण त्याच सुमारास चौकोनी राखीव छत्र्या चांगल्या मिळू लागल्या होत्या, आणि खेळाडूंनी गोलाकडे पाठ फिरवली. गोल म्हणून सरसकट बंदी वगैरे आली नाही.

'आधुनिक म्हणजे चौकोनी.' गगनयान बघा. यानाला एकूण १० पॅराशूट, त्यातल्या मुख्य तीन गोल कुळातल्या, प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या, आग्र्याच्या एडीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने घडवलेल्या. तीनपैकी दोन उघडल्या तरी माणसं सुखरूप. २४ ऑगस्ट २०२५ ला श्रीहरिकोट्याला चिनूक हेलिकॉप्टरमधून सुमारे पाच टनांचा नमुना सोडून हीच यंत्रणा तपासली. नासाने अंतराळ स्थानकातून माणसं परत आणायच्या एक्स-३८ यानासाठी प्रचंड चौकोनी छत्रीचे प्रयोग केले होते. तो प्रकल्प २००२ मध्ये गुंडाळला गेला.

'गोधडीसारखी कोंबली तरी उघडायची.' खरं सांगतो, राग आला तो याचाच.

सी-९ जातीची वैमानिकाची छत्री घ्या. २८ फूट व्यास, २८ पाकळ्या, २८ दोऱ्या. लांबलचक गुळगुळीत टेबलाच्या एका टोकाला तिचा शेंडा बांधायचा, दुसऱ्या टोकाला दोऱ्या ताणायच्या. मग एकेक पाकळी उचलून, झटकून, आधीच्या पाकळीवर बसवायची. चौदा डावीकडे, चौदा उजवीकडे. पंधरा-तेरा झालं तर मोडा आणि परत. नऊवारीच्या निऱ्या घालताना आजीचा हात जसा प्रत्येक निरीच्या काठावरून फिरायचा, तसाच हात इथे फिरतो, पण इथे काठ चुकला तर दोरी कापडावरून पलीकडे जाते, छत्रीचे दोन फुगे होतात आणि माणूस वेगाने खाली येतो. नागपूरच्या मे महिन्यासारखी कोरडी हवा असली की नायलॉनला वीज धरते, घड्या एकमेकींना चिकटतात. त्या जागच्या हलू नयेत म्हणून वर शिशाच्या गोळ्या भरलेल्या छोट्या पिशव्या ठेवतात, आम्ही त्यांना शॉट बॅग म्हणायचो. आसनाच्या डोक्याशी बसणारी छत्री तर प्रेसखाली दाबून इतकी टणक करतात की बोट रुतत नाही.

शेवटी पिना, सीलचा धागा, कार्डावर तारीख आणि सही. त्याआधी हत्यारं मोजायची. घेतली तितकी परत आली पाहिजेत. एकदा एक शॉट बॅग कमी भरली. पॅक बंद झालं होतं, सहीसुद्धा झाली होती, आणि जेवणाची घंटा वाजून गेली होती. आम्ही दोघांनी ते उघडलं, पाकळ्या एकेक करून चाचपल्या. आत काही नव्हतं. बॅग टेबलाच्या पायामागे पडलेली सापडली. मग हात धुतले आणि पहिल्या पाकळीपासून पुन्हा सुरुवात केली.