पाचवं बटण महाग नाही

‘थेट निवडून येणारा महापौर म्हणजे पुणेकरांच्या पैशांवर पोसलेला पांढरा हत्ती’ हा मजकूर आमच्या सोसायटीच्या ग्रुपपासून तळजाईवर सकाळी फिरणाऱ्यांपर्यंत सगळीकडे पोचलाय. त्यात चार मुद्दे आहेत. नवं पद आणि नवी निवडणूक म्हणजे कोट्यवधींचा खर्च. नगरसेवकांवाचून चार वर्षं शहर चाललंच. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरानंही हे पद गुंडाळलं. आणि एका माणसाच्या हाती सत्ता म्हणजे हुकूमशाही.

आधी खर्च. मुळात पद नवं नाहीच. महापौर आहेत, त्यांचं दालन, गाडी, कर्मचारी सगळं आहे. आज नगरसेवक आपल्यातूनच अडीच वर्षांसाठी महापौर निवडतात, त्याआधी आरक्षणाची सोडत निघते. बदलेल ती फक्त निवडायची रीत. वेगळी निवडणूकही नको. १५ जानेवारी २०२६ ला चार सदस्यांच्या प्रभागात आपण चार बटणं दाबली, तिथे पाचवं दाबायचं.

थेट निवडीच्या उदाहरणासाठी फार दूर जायला नको. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली, पुढे बाहेर पडली, त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या मतदारांनी नगराध्यक्ष थेट निवडला. त्यांच्याबरोबरच पालिकेत आलेलं धायरी आत राहिलं, तर तिथल्या माणसाला तो हक्क नाही! खर्चाची खरी भीती आहे ती उमेदवाराच्या खिशाची. ३५ लाखांवर मतदारांपर्यंत पोचायचं तर पैसेवाला किंवा पक्षाचा लाडका, दोघांपैकी एकच टिकणार. मजकुरात नेमकं हेच नाही.

नगरसेवकांवाचून शहर चाललं, हा दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. १५ मार्च २०२२ पासून पुढच्या निवडणुकीपर्यंत पालिकेवर आयुक्तच प्रशासक होते. त्या काळात तीन आयुक्त झाले. अंदाजपत्रक मांडणारे तेच, स्थायी समिती म्हणून तपासणारे तेच आणि मुख्य सभा म्हणून मंजूर करणारेही तेच. २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. शहर चाललं, हे खरं. पण रस्ता का खोदला, हे भर सभेत उठून विचारायला माणूस नव्हता. नगरसेवक नकोसे वाटण्याची कारणं मलाही पाठ आहेत, तरी त्यावर उपाय म्हणून दाद मागायची जागाच काढून टाकायची, हे न पटणारं आहे.

ब्रिस्टलचं अर्धसत्य आहे. तिथे २०१२ च्या सार्वमतात थेट महापौर आला आणि २०२२ च्या सार्वमतात रद्द झाला. पण रद्द करून कारभार गेला तो निवडून आलेल्या सदस्यांच्या समित्यांकडे, वरून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे नव्हे. लंडनमध्ये २००० पासून पद टिकून आहे. इंदूर-भोपाळमध्येही आज थेट महापौर आहेत. आपल्याकडचा गोंधळ मात्र मान्य करायला हवा. नगराध्यक्षाची थेट निवड २००१ मध्ये आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं झालं की ठराव अडतात, हेही खरं.

राहिली हुकूमशाही. आज कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. नवी मुंबईत २०१६ मध्ये नगरसेवकांनी तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढेंवर प्रचंड बहुमतानं अविश्वास ठराव आणला, सरकारनं तो स्थगित केला. मुंढे बरोबर होते की नगरसेवक, तो वाद वेगळा. अखेरचा शब्द मंत्रालयाचा होता, एवढंच इथे बघायचं. पुण्यात तर बस चालवणाऱ्या पीएमपीवर स्वतंत्र आयएएस अधिकारी, मेट्रो महामेट्रो कंपनीची, वाहतूक पोलीस गृहखात्याचे आणि पुणे महानगराच्या विकास प्राधिकरणाचे, म्हणजे पीएमआरडीएचे, अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री.

म्हणून नुसतं पाचवं बटण देऊन भागणार नाही. अधिकार आयुक्तांकडेच ठेवले, तर लाखो मतं घेतलेला महापौरही फीतच कापत बसेल. मागायचं असेल तर पाच वर्षांची मुदत, अंदाजपत्रक मांडायचा हक्क, पीएमपीवर अधिकार आणि पालिकेचे ठराव विखंडित म्हणजे रद्द करण्याच्या सरकारच्या अधिकाराला लगाम, हे सगळं त्याच कायद्यात एकदम मागा.