खुलासा : चमकणारा रंग आणि हाडांचं कॅल्शियम

मंडळी, ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'नोबेल मिळालेला चमकणारा रंग प्या, हाडांतलं कॅल्शियम कळेल.' यातला नोबेलचा भाग माझ्याच जुन्या पोस्टमधून उचललाय, आणि तोही चुकीचा होता : कॅल्शियम दाखवणाऱ्या रंगांना नोबेल मिळालं, असं मी लिहिलं होतं. नोबेलची घोषणा पुन्हा वाचली. हे रंग बनवणारे रसायनशास्त्रज्ञ रॉजर चेन यांना 2008 साली ते मिळालं हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी, आणखी दोघांबरोबर विभागून. कॅल्शियमचे रंग हे त्यांचं त्याआधीचं काम.

हे रंग पिण्याचे नाहीतच. प्रयोगशाळेत जिवंत पेशींत भरतात. उदाहरणार्थ, 1985 चा फ्युरा-2 हा रंग. त्यावर 340 आणि 380 नॅनोमीटरचा प्रकाश आळीपाळीने टाकायचा आणि दोन्ही वेळी मिळणाऱ्या उजेडाचं गुणोत्तर काढायचं, त्यावरून कॅल्शियम कळतं. मग रंग कुठे कमी, कुठे जास्त शिरला तरी हिशेब फारसा बिघडत नाही. (मला हीच युक्ती सगळ्यात आवडते.) मोजलं जातं ते पेशीच्या आतलं मोकळं कॅल्शियम, बाहेरच्यापेक्षा साधारण 10,000 पट कमी. हाडांची घनता बघायला डेक्सा स्कॅन (एक्स-रे वापरून होणारी तपासणी) असतो, तो वेगळा.

माझी पोस्ट दुरुस्त केली आहे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, आधी पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका. शेजारच्या काकूंनी काल विचारलं, "हा रंग केमिस्टकडे मिळेल का रे?"