तुऱ्याला व्हॅसलीन

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर आज चौथ्या दिवशीही पट्टी आहे आणि ती का बांधावी लागली हे मी आतापर्यंत अकरा जणांना सांगितले आहे. त्यांपैकी दहा जण हसले. अकरावे म्हणजे दवाखान्यातील कंपाउंडर. त्यांनी केसपेपरवर टेकवलेले पेन उचलून बाजूला ठेवले आणि "पुन्हा एकदा सांगा," एवढेच म्हटले. कोंबड्याच्या तुऱ्याला हिमदंश होऊ नये म्हणून व्हॅसलीन चोळत असताना त्याने चोच मारली, असे मी पुन्हा एकदा सांगितले. कंपाउंडरांनी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर कोवळे म्हणता येणार नाही असे ऊन पडले होते आणि एक गृहस्थ बनियनवर उभे राहून शहाळे पीत होते.

सल्ला अर्थातच माझा नव्हता. आमचे गाव दापोलीहून हर्णैकडे उतरणाऱ्या वाटेवर आहे. परसात चिऱ्याच्या जोत्यावर खुराडे बांधून पाच कोंबड्या पाळाव्यात एवढाच माझा बेत होता, पण तो शेजारच्या काकांच्या कानावर गेला. काका मुलीकडे कॅनडात सहा महिने राहून आले, तेव्हा गळ्यात गुंडाळलेला मफलर त्यांनी अजून उतरवलेला नाही, आणि तेथील शेजाऱ्यांच्या आवारात पाहिलेल्या कोंबड्यांच्या भांडवलावर ते आता आमच्या वाडीचे कुक्कुटतज्ज्ञ झाले आहेत.

"आधी तुरा बघायचा," गडग्यावर कोपरे टेकवून काकांनी सुरुवात केली. "उंच, करवतीसारखा दातेरी तुरा दिसला की समजायचं, हा पक्षी पहिल्याच बर्फात कामातून गेला."

"काका, आपल्याकडे बर्फ फक्त हर्णै बंदरात, मासळीच्या पेटीत असतो."

"आज असेल. पण हवामान बदलतंय ना?"

"बदलतंय म्हणजे उकाडा वाढतोय."

"तेच म्हणतो मी. कशाचा भरवसा राहिलेला नाही."

या युक्तिवादाला काय उत्तर द्यावे हे मला आजतागायत सुचलेले नाही. काकांनी मात्र माझे मौन संमती समजून 'शांतेक्लेर' या जातीची शिफारस केली. क्वेबेकमधील ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रिड या साधूंनी 1908 मध्ये या जातीच्या पैदाशीचे काम हाती घेतले, कडाक्याच्या हिवाळ्यात टिकावी म्हणून तिचा तुरा आणि चोचीखाली लोंबणारी कातडी जवळजवळ नाहीशी केली, ही हकिकत त्यांनी अशा थाटात सांगितली की मठाच्या खुराड्यातील घाण त्यांनीच काढली असावी. हकिकत खरी आहे, हे मी नंतर तपासून पाहिले, आणि त्यामुळे माझा राग अधिकच वाढला.

"ही मिळणार कुठे?" मी विचारले.

"ते तू बघ. जात सांगणं माझं काम."

दुसरी शिफारस गुलाबतुऱ्याच्या, म्हणजे बसक्या चपट्या तुऱ्याच्या, वायंडॉट जातीची आणि तिसरी ब्रह्मा जातीची. ब्रह्मा हे नाव ब्रह्मपुत्रेवरून पडले असल्यामुळे ती आपलीच, हा काकांचा दावा. प्रत्यक्षात तिचे पूर्वज शांघायहून अमेरिकेला नेलेले मोठे पक्षी. 1852 मध्ये जॉर्ज बर्नहॅम नावाच्या अमेरिकन माणसाने यांतील नऊ पक्षी व्हिक्टोरिया राणीला भेट पाठवले आणि विलायतेत कोंबड्यांचे वेड आणखीच वाढले. राणीचे ठीक होते. ब्रह्माच्या पायांवर बोटांपर्यंत पिसे असतात, आणि ज्या परसात जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझी स्वतःची चप्पल चिखलातून बाहेर येत नाही, तिथे हे पायमोजे घालून तिने फिरायचे कसे, याचा विचार राणीला करावा लागला नाही.

मुळात कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान एकेचाळीस अंशांच्या आसपास असते आणि उकाडा झाला की ती चोच उघडून धापा टाकते व तुऱ्यातून वाहणाऱ्या रक्तावाटे उष्णता बाहेर टाकते. म्हणजे जो मोठा तुरा बर्फात नडतो, तोच आमच्या मे महिन्यात तिचा पंखा असतो. हे मी काकांना सांगितले आणि उघड्या मानेच्या जातीचे नावही घेतले, कारण मानेवर पिसे नसल्याने तिला उष्मा कमी बाधतो. काकांनी मफलर सारखा करत "तिला थंडी वाजेल रे," असे अतिशय कळवळून म्हटले.

विनोद बाजूला ठेवून सांगतो, थंडीत टिकणाऱ्या जातींची यादी आज वाडीतले शाळकरी पोरही मोबाइलवरून वाचून दाखवते. पण चार महिने सरळ धारेखाली, ओल्या तुसावर, बुरशी धरलेल्या खाद्यावर आणि ओलीतून फैलावणाऱ्या रक्ती हगवणीला तोंड देत कोणती कोंबडी जगेल, असे विचारले की सगळ्यांना एकदम कामे आठवतात. मीही अनेकांना विचारून पाहिले. एका दुकानदाराने गिरिराजा घ्या म्हटले, दुसऱ्याने वनराजा, आणि दोघांनीही ज्या जातीची पिल्ले शिल्लक होती तिचेच नाव घेतले, असा मला दाट संशय आहे. शेवटी खालच्या आळीतील मावशींकडून पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. जात कोणती, असे विचारल्यावर मावशी म्हणाल्या, "पावसात मेली नाय ती जात." एवढ्या प्रश्नोत्तरांत मला मिळालेले हे एकमेव उपयोगी उत्तर होते.

कोंबड्याचा तुरा जास्वंदीसारखा, भरघोस. तो पाहून काका हळहळले आणि संध्याकाळी व्हॅसलीनची डबी घेऊन स्वतः आले. कॅनडात लोक तुऱ्याला हे लावतात, हेही खरेच असल्यामुळे आणि निम्मी वाडी गडग्यावर जमल्यामुळे मला नाही म्हणता आले नाही. "मी धरतो, तू लाव," असे ठरले. मी बोट डबीत बुडवून तुऱ्याला टेकवले, तेवढ्यात काकांचा फोन वाजला. कॅनडाहून मुलीचा व्हिडिओ कॉल. काकांनी दोन्ही हात सोडले. पुढचे तिने टोरांटोतून प्रत्यक्ष पाहिले आणि "बाबा, दादाच्या हाताला काय झालं?" असे विचारले, तेव्हा काकांनी फोन माझ्याकडे न वळवता तिच्या खिडकीबाहेरचा बर्फ सर्वांना दाखवला.

डॉक्टरांनी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. वाडीत मात्र "लावायची पद्धत चुकली" असे ठरले असून, हे ठरवणारा कोण, ते मला ठाऊक आहे. आज सकाळी अकरा वाजता तेच गडग्यापाशी आले. कपाळावर घाम, गळ्यात मफलर. सहा अंडी हवी होती.

"गावठीच दे हं," ते म्हणाले. पैसे उद्या देणार आहेत.