वेलीखाली अळ्यांचा सडा

सकाळी दूध घेऊन येत होते. पार्किंगच्या मांडवावर आमच्या सोसायटीची कृष्णकमळाची वेल आहे, तिच्याखाली फरशीभर अळ्या मरून पडलेल्या. काही अजून वळवळत होत्या. वास डोक्यात जात होता. काल संध्याकाळी फवारणी झाली म्हणे. कारण काय, तर "पानं खाल्लेली वाईट दिसतात."

त्या टॉनी कोस्टरच्या अळ्या. तेच ते संथ उडणारं नारिंगी फुलपाखरू. अळीच्या अंगावर काटे असतात, पण टोचत नाहीत, खाजही येत नाही. मी लहानपणापासून हाताळतेय.

आई तर रोज उचलायची. हातात श्रीखंडाचा रिकामा डबा आणि माझा चित्रकलेचा ब्रश. पूजेची फुलं काढायच्या आधी पानं उलटून बघायची. पानामागे पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला की ते पान खुडायचं आणि मागच्या कुंपणावरच्या रानटी कृष्णकमळावर नेऊन अडकवायचं. तेच, जाळीदार पिशवीतली पिवळी फळं येणारं. अळ्याही तिकडेच. "पुढची वेल देवाची, मागची यांची." दहा मिनिटांचं काम होतं हो!

आणि आम्ही गेटवर निलवंत रंगवून घेतलाय. 2015 साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं, देशात असं करणारं आपलं पहिलं राज्य. त्या निलवंताची अळी लिंबाची पानं खाते. आमच्या लिंबावरही कालच पंप फिरला. भिंतीवर फुलपाखरू पाहिजे आणि झाडावर अळी नको? संताप येतो नुसता.

काही केसाळ सुरवंटांनी अंगाला खाज सुटते, मान्य. खाली मुलं खेळतात, तेही मान्य. मग मुलांच्या खेळायच्या जागीच औषध मारलंत? आणि निंबोळी तेल सुचवू नका, त्यानेही अळ्यांचं खाणं-वाढणं थांबतंच.

भांडायलाच गेले होते. माळीकाका भेटले. तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारलं होतं त्यांनी. म्हणाले, "ताई, मला सांगितलं ते मी केलं." त्यांना काय बोलणार? डोळे लाल झाले होते त्यांचे. चहा दिला, पुढे काही बोलवेना.

एका श्रावणात आम्ही आजोळी गेलो आणि आईचे ते डबा-ब्रश पंधरा दिवस बंद होते. परत आलो तर वेलीच्या नुसत्या काड्या. बाबा कोयता घेऊन आले. आई म्हणाली, "मूळ जिवंत आहे, थांबा." नवरात्रात त्याच काड्यांवरची फुलं देवीला वाहिली तिने. मधे पाच पांडव, भोवती कौरव, ते दरवर्षी मला मोजून दाखवायची.

आज मीही श्रीखंडाचा डबा काढला. सात अळ्या जिवंत सापडल्या. आमच्या वेलीचं पान आता त्यांना देता येत नाही. कोथरूड-कर्वेनगर भागात कुणाकडे न फवारलेलं कृष्णकमळ असेल, किंवा एखाद्या मोकळ्या प्लॉटच्या कुंपणावर ते रानटी दिसलं असेल, तर आजच कळवा. डब्यात आहेत ती शेवटची दोन पानं आहेत.