हात साफ करू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

मागच्या आठवड्यात नागपुरात प्रतापनगरच्या चौकाजवळ माझ्या गाडीसमोर एक कॉलेजचा पोट्टा स्कूटीवरून पडला. सिमेंट रोडच्या कडेला गिट्टी सांडली होती, तिच्यावरून चाक सरकलं आणि तो आडवा. मी गाडी थांबवली, उतरलो, त्याला उचललं. त्यानंतर गर्दीशास्त्राचं जे शिक्षण मिळालं ते एकट्यापाशी ठेवणं बरं नाही. तुम्हालाही कधी तरी गर्दीत सामील व्हायची संधी येणारच. तयारीने गेलेलं बरं.

सगळ्यात आधी, काय झालं ते विचारू नका. विचारलं की उत्तर येतं आणि उत्तर आलं की निम्मा जोश गळतो. लांबूनच "धरा बे त्याले" म्हणत या. कोणाला, ते जवळ गेल्यावर कळतंच.

दोषी कोण हे वाहनाच्या आकारावरून ठरवा. कारवाला आणि स्कूटीवाला असेल तर कारवाला, स्कूटीवाला आणि सायकलवाला असेल तर स्कूटीवाला. दोन्ही गाड्या सारख्याच असतील, तर जो हळू आवाजात बोलतो तो.

मोबाइल आडवा धरा.

पडलेल्या माणसाचं अजिबात ऐकू नका. हे फार महत्त्वाचं. "काकांनी नाही पाडलं, मीच घसरलो," असं तो पोट्टा परत परत सांगत होता. एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून धीर दिला, "भिऊ नको न बे, आम्ही आहो न." दुसऱ्याने निदान केलं, "डोक्याले मार लागला त्याच्या, काहीबी बोलून राह्यला." तिसऱ्याने तोवर माझ्या गाडीची चाबी काढून स्वतःच्या खिशात घातली होती. चौथ्याच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे त्याने आधी पिचकारी मारली आणि मग आकडा जाहीर केला: पाच हजार. कशाचे? कोणाला द्यायचे? पोट्टा तर "मले नाही पाह्यजे" म्हणत होता. त्याचा गुडघा फुटला होता, रक्त मोज्यापर्यंत ओघळलं होतं आणि एवढ्या माणसांतून पाण्याची एक बाटली पुढे आली नाही. येणार कशी? एका हातात मोबाइल, दुसऱ्यात माझी कॉलर. आणि ज्या गिट्टीवरून तो घसरला ती सगळ्यांच्या चपलांखाली करकर वाजत होती! ती तिथे कोणी टाकली, कधीपासून पडली आहे, एकानेही खाली पाहिलं नाही. टाकणाऱ्याची कॉलर धरायची तर त्याच्या ऑफिसात जावं लागतं, गेटवर नाव लिहावं लागतं, अर्जावर सही करावी लागते. सही म्हटली की यांचं शौर्य संपलं. रस्त्यात सापडलेला एकटा माणूस बरा, त्याच्यासाठी पावती फाडावी लागत नाही. भैताड लेकाचे.

असो. सूचना द्यायच्या आहेत.

कोणी नाव विचारलं तर "आम्ही पब्लिक आहोत" एवढंच सांगा.

आलेला संदेश वाचण्याच्या आत पुढे पाठवा. या कलेची ताकद धुळे जिल्ह्याने पाहिली आहे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असा संदेश तेव्हा फोनाफोनांतून फिरत होता. 1 जुलै 2018 ला राईनपाड्यात बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. नवी न्याय संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली. तिच्यात पाच किंवा त्याहून जास्त जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला, तर फाशी किंवा जन्मठेप आहे. पाचामुखी परमेश्वर म्हणतात आपल्याकडे. कायदा करणाऱ्यांना त्या पाचांच्या तोंडात दुसरंच काही दिसलं असावं.

पण तुम्ही घाबरू नका. कायदा माझ्याही बाजूने आहे, त्याने काय झालं? 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या भानगडीपासून संरक्षण मिळालं. खर्रा खाणाऱ्यापासून संरक्षण देणारं कलम अजून यायचं आहे.

शेवटची सूचना: कोणी 112 लावला की निघा. मी लावला. "पोलीस येऊन राह्यले" म्हणताच चाबी बोनेटवर पडली आणि पब्लिक पान टपरीमागे दिसेनाशी झाली. पोट्ट्याला दवाखान्यात मीच नेलं.

संध्याकाळी आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. "कारवाल्याची मस्ती पब्लिकने उतरवली." खाली अंगठ्यांची रांग. एका शेजाऱ्याने वर लिहिलं होतं, "दोन लावायला पाहिजे होत्या." मी त्यांना फोन करून सांगितलं, तो कारवाला मी आहे. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण काका, साधारणपणे कारवाले असेच असतात न!"

नाही. असेच नसतात. तुम्ही तिथे नव्हता, तुम्हाला काही माहीत नव्हतं, आणि तरी दोन लावायच्या होत्या. ऑगस्ट 2025 मध्ये नागपूर जिल्ह्यात देवलापारकडे ट्रकच्या धडकेत एकाची बायको गेली, मदतीला कोणी थांबेना म्हणून नवऱ्याने तिचा मृतदेह दुचाकीला बांधून नेला. तेव्हा माणुसकी मेली म्हणून याच ग्रुपवर तुम्हीच परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले होते. का थांबत नाहीत माणसं? तुमच्यामुळे. चौकातल्या त्या टोळक्यामुळे जेवढं, तेवढंच घरी सोफ्यावर बसून अंगठा दाबणाऱ्या तुमच्यामुळे. शिकलेले आहात, पेन्शन खाता, नातवंडांना संस्कार शिकवता. तो व्हिडिओ जिथे जिथे पाठवला, तिथे तिथे जाऊन लिहा की तो खोटा होता आणि आपण न विचारता पाठवला. खाली स्वतःचं नाव लिहा. पूर्ण नाव.