'लीन'चा कोड आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला, हे खरे नाही

टर्बो पेट्रोल गाड्यांबद्दलचा एक सल्ला सध्या एकाकडून दुसऱ्याकडे सारखा फिरतो आहे. तो थोडक्यात असा: पी०१७१, म्हणजे 'सिस्टिम टू लीन' (मिक्श्चरमध्ये हवा जास्त, पेट्रोल कमी) हा बिघाडाचा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदला. फरक पडला नाही तर टर्बोचा पाइप गळत असणार, कारण बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, गळला की मिक्श्चर लीन होतेच. प्लग पांढरा दिसला की खात्री झाली. आणि शेवटी, दुरुस्ती जमली का हे पाहायला एकदा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा. यातल्या पहिल्या वाक्यापायी पैसे वाया जातात आणि शेवटच्यापायी इंजिन जाऊ शकते. म्हणून हा सल्ला एकेक करून तपासायला हवा.

सेन्सरपासून सुरुवात करू. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन किती उरला एवढेच तो सांगतो. ते ऐकून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करतो आणि किती बदल केला ते फ्युएल ट्रिम म्हणून स्कॅनरवर दिसते: अधिक म्हणजे पेट्रोल वाढवले, उणे म्हणजे कमी केले. ट्रिम शून्याच्या आसपास, फार तर दहा टक्क्यांच्या आत असावा. बऱ्याच गाड्यांत तो अधिक २० ते २५ टक्क्यांवर टिकून राहिला की हा कोड पडतो, नेमका आकडा कंपनीप्रमाणे बदलतो. म्हणजे सेन्सरने तक्रार केली आणि ईसीयूने ती ऐकली, त्यानंतरच कोड आला. तक्रार करणाऱ्यालाच आधी काढून टाकायचे कशासाठी? जुन्या पद्धतीचा, व्होल्टेज देणारा सेन्सर तपासायला दोन मिनिटे लागतात. इंजिन गरम असताना झटकन रेस केली की तो ०.८ व्होल्टच्या वर जायला हवा, आणि रेस सोडल्यावर पेट्रोल बंद होते तेव्हा ०.१ च्या आसपास यायला हवा. दोन्ही टोके पटकन गाठत असेल तर तो जिवंत आहे. नव्या पद्धतीच्या वाइडबँड सेन्सरला हे व्होल्टेजचे माप लावू नका, त्याचा लॅम्ब्डा (१ म्हणजे मिक्श्चर नेमके, त्यावर लीन, त्याखाली रिच म्हणजे पेट्रोल जास्त) थेट स्कॅनरवर वाचा.

चांगला सेन्सरही कधी फसतो, हे मान्य. त्याच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चिरला असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. मिसफायर होत असेल तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. दोन्ही वेळा सेन्सर 'लीन' म्हणतो. तेव्हाही दोष सेन्सरचा नसतो आणि नवा टाकला तरी तो हेच सांगेल.

आता बूस्ट गळतीचा मुद्दा. सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. हवा मोजणारा मॅफ सेन्सर एअर फिल्टरनंतर, टर्बोच्या आधी बसतो अशी गाडी घ्या. मॅफ आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपात कायम ओढ असते. तिथे चीर असेल तर न मोजलेली हवा आत शिरते आणि लोड वाढेल तसे मिक्श्चर आणखी लीन होत जाते. टर्बोनंतर, इंटरकूलरपासून (दाबलेली हवा थंड करणारा भाग) थ्रॉटलपर्यंत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) मात्र बूस्टमध्ये उलटा प्रकार घडतो. मोजलेली हवा बाहेर निसटते, ईसीयू तिच्या हिशेबाने पेट्रोल टाकतच राहतो आणि मिक्श्चर रिच होते. पिकअप मरतो, काळा धूर येतो, ट्रिम उणे जातो. सल्ला जे सांगतो त्याच्या बरोबर विरुद्ध.

थ्रॉटलनंतरची गळती दोन्हीकडे खेळते. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटलमधून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागात, व्हॅक्यूम असतो, म्हणून लीन. बूस्ट आला की हवा बाहेर, म्हणून रिच. रेस २५०० आरपीएमवर धरली की अधिक ट्रिम उतरू लागतो, कारण एकूण हवेत गळतीचा वाटा कमी होतो. इंजिनातली वाफ पुन्हा मॅनिफोल्डमध्ये सोडणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा पडदा फाटला की बऱ्याचदा असेच दिसते. मॅफऐवजी मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा हिशेब करणाऱ्या गाडीत टर्बोनंतरचा पाइप फाटला तरी मिक्श्चर फारसे हलत नाही, टर्बोला मात्र जास्त राबावे लागते.

गळती शोधायला स्मोक टेस्ट, म्हणजे पाइपांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणे, उत्तम. फक्त बूस्टमध्येच उघडणारी चीर मात्र त्यात सुटू शकते. तिच्यासाठी टर्बोचे तोंड बंद करून रेग्युलेटरने बेताची हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावा. तापलेल्या टर्बोजवळ कार्ब क्लीनर फवारू नका, आग लागते.

प्लगच्या रंगाबद्दल थोडक्यात: शिसेविरहित पेट्रोलवर चालणाऱ्या ठीकठाक इंजिनाचा प्लगही फिकटच दिसतो. तो पाहून लीनचा निकाल देता येत नाही.

पेट्रोलच्या बाजूचा तर या सल्ल्यात उल्लेखच नाही, आणि बूस्टमध्ये खरा घात तिथेच होतो. आयडलिंगला ट्रिम ठीक पण लोडवर चढतो, असे दिसले की दमलेला पंप, तुंबलेला फिल्टर किंवा मळलेला मॅफ यांच्याकडे पाहा. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत स्कॅनरवर ईसीयूने मागितलेला रेल प्रेशर (इंजेक्टरांना मिळणारा पेट्रोलचा दाब) आणि मिळालेला रेल प्रेशर शेजारी ठेवा. लोडवर मिळालेला मागे पडत असेल तर दिशा सापडली. साध्या इंजेक्शनच्या बऱ्याच टर्बो गाड्यांत पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून एक बारीक रबरी नळी येते. बूस्ट १ बार वाढला की पेट्रोलचा दाबही तिच्यामुळे ३ वरून ४ बार होतो. ती निखळली तर बूस्टमध्ये इंजेक्टरवरचा फरक ३ ऐवजी २ बारच उरतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे पेट्रोल सुमारे १८ टक्के कमी पडते, तेही इंजिनाला सर्वांत गरज असते तेव्हा. एवढ्याशा नळीपायी पिस्टन गमावणे मला पाहवत नाही.

म्हणूनच 'पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून बघा' याला माझा ठाम विरोध आहे. पूर्ण लोडवर अनेक टर्बो इंजिने मुद्दाम रिच चालवली जातात, लॅम्ब्डा ०.८ ते ०.९, म्हणजे ज्वलनकक्ष थंड राहतो. तिथे मिक्श्चर लीन असेल तर नॉकिंग, म्हणजे मिक्श्चर आपोआप भडकून ठोके बसणे, सुरू होते आणि रिंगांमधली पिस्टनची कड तुटते. यासाठी काही सेकंद पुरतात. व्होल्टेजवाला जुना सेन्सर तिथे नेमका आकडा सांगतही नाही. त्याऐवजी मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये मध्यम लोडवर चालवा आणि शेजारच्याला स्कॅनरवर नोंद ठेवू द्या. बूस्टमध्ये लॅम्ब्डा १ च्या वर गेला किंवा नॉकमुळे टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे जाऊ लागले की लगेच पाय काढा. दुरुस्तीनंतर शिकलेले ट्रिम पुसून काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, मग आयडलिंग, २५०० आरपीएम आणि मध्यम लोड या तिन्ही ठिकाणचे ट्रिम पुन्हा वाचा. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर तीन-चार टक्के अधिक दिसले तर तो बिघाड नाही, कारण त्या पेट्रोलच्या एका भागाला लागणारे हवेचे प्रमाणच १४.७ वरून साधारण १४.१ वर येते.