एवढुसं तर आहे!

बो टाय म्हणजे काय, एवढुसं तर आहे, असं ज्या बाईने मला फोनवर सांगितलं ती माझी सख्खी नणंद आहे, त्यामुळे हे सगळं मी जरा जपूनच लिहितेय.

झालं असं की मोठ्या दिरांच्या मुलाचं लग्न मे महिन्यात निघालं, कार्यालय इथेच सांगलीत, विश्रामबागेत मिळालं, आणि पुण्याच्या नणंदेने कुठलंसं रील बघून ठरवून टाकलं की रिसेप्शनला घरातली सगळी छोटी पोरं सेम टू सेम दिसली पाहिजेत. पांढरा शर्ट, काळी पँट, गॅलिस (ते पँटीचे खांद्यावरून जाणारे पट्टे) आणि बो टाय. गॅलिस ऑनलाइन मागवले. मी म्हटलं बो टायपण मिळतात की ऑनलाइन, मागव. तर नाही. तिला नवरीच्या शालूच्या काठाचा रंग हवा होता आणि तो रंग म्हणे ऑनलाइनवाल्यांकडे बरोब्बर येत नाही. "वहिनी, तुझ्याकडे मशीन आहे ना? मग झालं की. एवढुसं तर आहे."

मशीन आहे, ते खरंय. आजेसासूबाईंचं पायमशीन. आम्ही राहतो गावभागात, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरात कृष्णामाई घरात आली तेव्हा चौघांनी धरून हे मशीन माडीवर नेलं आणि फ्रीज खाली विसरले, यावरून आमच्या घरात कुणाचा धाक किती हे कळेल. आजेसासूबाई जाऊन वीस वर्षं झालीत. तर त्या मशीनवर मी आजवर काय शिवलंय? उशांचे अभ्रे, साडीचे फॉल, शाळेच्या पँटीची उसवलेली शिवण. सगळ्या सरळ टिपा. मिरज-सांगली रोडवर स्कूटी चालवणाऱ्या बाईला एकदम आंबा घाटात सोडावं आणि म्हणावं, चालव की, रस्ताच तर आहे, तसला प्रकार.

पोरं मोजली तर सात निघाली. मिरजेचा एक, इचलकरंजीचा एक, पुण्याचे जुळे, बंगळूरचा एक, आमचा एक आणि तासगावचं दीड वर्षाचं तान्हं. इचलकरंजीवाल्यांनी निदान कापड तरी पाठवायचं, सगळं गाव मागावर चालतं, पण त्यांचा मेसेज आला "वहिनी यू आर ग्रेट" आणि खाली हात जोडलेले.

कापड आणायला कापड पेठेत गेले. मॅचिंग सेंटरमध्ये मोबाईलवरचा शालूचा फोटो दाखवला तर तो माणूस म्हणाला, "फोटोत रंग कळत नाही ताई, वाईन पाहिजे का डाळिंबी?" मी नणंदेला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली वाईन. त्याने वाईन काढला, ती म्हणाली हा नाही, हा मरून आहे. मग त्याने मरून काढला, ती म्हणाली हां, हाच वाईन. तो माणूस बिचारा काही बोलला नाही, बायकांच्या रंगात पुरुषाने बोलायचं नसतं हे तो त्या गादीवर बसूनच शिकला असणार. अर्धा मीटर ब्रोकेड घेतलं. "कशाला पाहिजे?" म्हणाला. मी म्हटलं बो टाय शिवायचेत. तर त्याने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं ना, तिथेच कापड परत करून घरी यायला हवं होतं.

पुढचं तर विचारूच नका. गळ्यामागचा इलॅस्टिक कमीजास्त करायला दोन बारक्या रिंगा लागतात, एक गोल आणि एक इंग्रजी आठाच्या आकाराची. त्यांना नाव काय असतं कुणास ठाऊक, पण बायकांना त्या कुठे बघितल्यात ते बरोब्बर माहीत असतं. मी दुकानात वाकून, हळू आवाजात सांगितलं की ते असतं ना पट्टीला, तसलं. दुकानदार तिथूनच ओरडला, "ए बारक्या, ब्राच्या पट्टीच्या रिंगा काढ, सात सेट!" दुकानात माझ्या मुलाच्या बालवाडीच्या बाई उभ्या होत्या. त्या हसल्या. मी पण हसले. सात सेटचं स्पष्टीकरण काय देणार?

येता येता वाटलं, कोपऱ्यावरच्या टेलर मास्तरांनाच देऊन टाकावं. मास्तर मान वर न करता म्हणाले, "एकाचे शंभर. आणि लगीनसराई हाय, जूनमध्ये देतो." मी म्हटलं, अहो मास्तर, एवढुसं तर आहे! शब्द तोंडातून गेला आणि माझी मलाच लाज वाटली. मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "ताई, झबलं असू दे न्हाईतर शेरवानी, कापायचं, जोडायचं, उलटायचं, इस्त्री करायची. कापड कमी लागतंय म्हणून हात कमी लागतोय व्हय? उलट बारक्याला डोळा जास्त लागतोय." हे मला तेव्हा नीटसं पटलं नव्हतं. रात्री साडेअकराला पटलं.

पहिल्या रात्री काय केलं ते सांगते. नणंदेने सांगितलेलं तयार बो टाय चार इंच रुंद, दोन इंच उंच. मी शहाणीने चार बाय दोनचा तुकडा कापला. आता कापड दुमडलं, टीप मारली, उलटलं, टोकं मागे घेऊन जोडली, तर हातात जे आलं ते उंदराच्या लग्नात चाललं असतं. मायाच ठेवली नव्हती ना. शिवणातली माया म्हणजे टिपेच्या बाहेर सोडलेलं कापड, ते आत दडलेलं असतं, दिसत कुणालाच नाही, आणि नसलं की सगळं उसवतं. (हे वाक्य सासूबाईंनी ऐकलं तर त्या माझ्याकडे बघून लगेच मान हलवतील, म्हणून पुढे जाऊ.) मग हिशोब केला, चार इंचांच्या बोला जवळजवळ नऊ इंच लांब आणि पाच इंच रुंद तुकडा लागतो, कारण सगळं दुहेरी होतं. म्हणजे एवढुसं नाहीचे ते, घडी घालून लपवलेलं आहे.

मग आलं फ्यूजिंग. ब्रोकेड मऊ पडतं, बोचे कान खाली लोंबतात, म्हणून आतून ते पांढरं फ्यूजिंग इस्त्रीने चिकटवायचं. त्याची एक बाजू गुळगुळीत असते, एक खरखरीत. खरखरीत बाजू म्हणजे डिंकाची, ती कापडावर. मी उलटं ठेवलं. इस्त्री टेकवली आणि फ्यूजिंग इस्त्रीला मिठी मारून बसलं, सुटेचना. आता आमच्या ह्यांच्या शर्टवर आठवडाभर पांढरे ठिपके उठत होते आणि ते बँकेत सगळ्यांना सांगत होते की घरी रंगकाम काढलंय.

मध्ये एक सुखाचा क्षण आला तोही सांगायला हवा. बोच्या मधोमध कापड चिमटून निरी घालायची असते. निरी! तिथे माझ्या हातात एकदम बळ आलं. पंचवीस वर्षं निऱ्या घालतेय, झोपेत घालीन. एक दरी, दोन डोंगर, वर दोऱ्याचे चार वेढे, आणि कापडाचा तुकडा अचानक बो झाला. मी रात्री बारा वाजता एकटीच "अगं बाई!" म्हणाले. बस, तेवढाच क्षण. कारण त्यानंतर मधली पट्टी. ती बोटाहून बारीक नळी शिवून उलटायची असते, परकरात नाडी ओवतो तशी सेफ्टी पिन घालून. पिन अर्ध्या वाटेत आतल्या आत उघडली. ना पुढे येईना ना मागे. ती पट्टी पिनेसकट अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

तोवर तिकडून रोज सकाळ-संध्याकाळ मेसेज, "वहिनी किती झाले?" पुराच्या दिवसांत बाहेरगावचे नातेवाईक "आयर्विनला किती फूट झालं?" विचारतात ना, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं, अगदी तसा सूर. मीही तसंच उत्तर द्यायला लागले. सकाळी आठ, दोन. रात्री दहा, अडीच, संथ वाढ. बुधवारी तर उतरलं, तीनाचे दोन झाले, कारण मी शिवता शिवता भडंग खात होते आणि तेलाचं बोट ब्रोकेडवर उठलं. भडंग खात शिवू नये. खरं तर सांगलीत राहून कुठलंच बारीक काम करू नये, हात कायम भडंगात असतो.

सासरे, म्हणजे अण्णा, माझ्याकडे आरामखुर्चीतून बघत होते. निवृत्त इतिहासाचे मास्तर. त्यांच्या आयुष्यात दुःख एकच, कुठल्याही कार्याला गेले की येताना त्यांची छत्री बदललेली असते. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "हे मूळचं क्रोएशियाच्या सैनिकांचं बरं का. सतराव्या शतकात ते फ्रान्सच्या बाजूने लढायला गेले, गळ्यात रुमाल बांधलेले. फ्रेंच लोकांना ती फॅशन आवडली, क्रोएटवरून क्रॅव्हॅट शब्द झाला, त्याचेच पुढे हे टाय न् बो टाय. इकडे शिवनेरीवर महाराज जन्मले १६३० ला, तेव्हा तिकडे ते तीस वर्षांचं युद्ध चालूच होतं." मी म्हटलं, अण्णा, तीस वर्षं? माझं चार दिवसात हे झालंय. म्हणाले, "त्यांना शिवावं लागत नव्हतं, नुसतं बांधायचं होतं."

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आयर्विन सातावर पोचलं. तान्ह्याच्या गळ्याभोवती इलॅस्टिक नको, ते ओढलं-अडकलं तर काय घ्या, म्हणून त्याच्या बोला मागे नुसती क्लिप लावली, शर्टाच्या पट्टीवर अडकवायची. तो एकटाच निर्णय मी पहिल्या फटक्यात बरोबर घेतला.

रिसेप्शन साडेसातला. सात पोरं ओळीत उभी केली, बो लावले, रिंगा सरकवून मापं नीट केली आणि खरं सांगते, दिसत होती हो गोड. नणंदेच्या डोळ्यात पाणी. फोटोग्राफर म्हणाला, "पाच मिनिटं, लाइट लावून आलो."

त्या पाच मिनिटांत बंगळूरच्या पोराला शोध लागला की बो पुढे ओढून सोडला की हनुवटीवर चट्ट आवाज येतो. आपल्या सोडून दुसऱ्याच्या हनुवटीवर जास्त येतो हा शोध पुण्याच्या जुळ्यांनी लावला. इचलकरंजीच्याने इलॅस्टिकची बेचकी करून वांगीभाताच्या काउंटरच्या दिशेने अक्षता मारल्या. मिरजेच्याने आपला बो नवरीकडच्या एका छोट्या मुलीला दोन आइस्क्रीमच्या बदल्यात देऊन टाकला, तिने तो केसाला लावला आणि तो तिला इतका शोभला की तिची आई मला येऊन विचारते, "कुठून घेतला हो क्लिप?" आमच्या पोराने ब्रोकेडची जर टोचते म्हणून बो काढून मनगटावर चढवला, राखीसारखा. फोटोग्राफर आला तेव्हा बो जागेवर होता तो एकट्या तान्ह्याचा. तान्हं झोपलं होतं. वर शाल पांघरली होती.

अल्बममध्ये त्या फोटोत सात पोरं, सात गॅलिस, आणि एक मनगट आहे.

नणंद म्हणाली, "वहिनी, किती सुंदर झालेले गं! आता पुढच्या वर्षी जुळ्यांच्या मुंजीला..." मी बासुंदी वाढायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कार्यालय रिकामं करताना अण्णांना बेसिनपाशी एक बो सापडला. भिजलेला, पण टीप शाबूत. त्यांनी तो झटकला, खिशात घातला, बोलले काहीच नाहीत. मी पण विसरून गेले.

जूनमध्ये पाऊस लागला. अण्णा सकाळी गणपतीच्या देवळाकडे निघाले तर छत्रीच्या मुठीला तो मरून, म्हणजे वाईन, बो टाय. रिंगा सरकवून घट्ट बसवलेला. म्हणाले, "आता बघू कशी बदलते ते."

परत येताना मारुती चौकातल्या भाजीवाल्या मावशींनी त्यांना हटकलं म्हणे, "काय ओ गुरुजी, छत्रीचं लगीन काढलं काय?"